खापरपणजीचे माहेर शोधून देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर प्रणाम.

माझ्या यजमानांच्या खापरपणजीचे माहेर आपल्यामुळे सापडले, त्याबद्दल आमच्या सगळ्या घराच्या वतीने हे जाहीर आभार.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतावर आयुष्य काढलेल्या या बाईची आम्हाला असलेली ओळख म्हणजे १८८० च्या जनगणनेतली एक ओळ: कुटुंबप्रमुख, विधवा, वय ४१, जन्म ओहायो. आडनाव अर्थातच सासरचे. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीपायी जवळजवळ सगळेच गेले. १९०० च्या नोंदीवरून तिला चार मुले झाली आणि त्यांतली दोन हयात होती एवढे कळले, पण ती कोणाची लेक हे कुठेच लिहिलेले नव्हते.

ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त होऊनही आपण आमच्यासाठी पुन्हा कागदपत्रांत शिरलात. तिचा नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेच्या सैन्यात असताना वारला, हे ऐकताच आपण म्हणालात की १८६२ च्या कायद्यानुसार विधवेचे पेन्शन मिळवायला तिला लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागले असणार, तेव्हा ती फाइल नॅशनल आर्काइव्हजमधून, म्हणजे अमेरिकी सरकारच्या अभिलेखागारातून, मागवा. फाइल आली आणि तिच्यात घरच्या बायबलमधून फाडून पुराव्यादाखल जोडलेले एक पान निघाले. त्यावर चारही मुलांच्या जन्मतारखा शाईने लिहिलेल्या होत्या. अर्जाखाली सहीच्या जागी तिची फुली होती. लग्नाला आपण हजर होतो असे शपथेवर सांगणाऱ्या साक्षीदाराने स्वतःला तिचा सख्खा भाऊ म्हटले होते, आणि त्याच्या सहीत तिचे माहेरचे आडनाव होते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते आपण त्यानंतर केलेले काम. त्या आडनावाची घरे ओहायोत कितीतरी होती. आयोवात तिच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांची नावे घेऊन, ती ओहायोत कुठे शेजारी-शेजारी होती हे आपण एकेक पान वाचून पडताळलेत, कारण माणसे सोयऱ्याधायऱ्यांसकट पश्चिमेला सरकत असत, हे आपल्याला पक्के ठाऊक होते. गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव प्रथमच टिपणाऱ्या १८५० च्या जनगणनेत अकरा वर्षांची ती, आईवडील आणि तोच भाऊ एका घरात सापडले.

आपण मोबदला घेतला नाहीत. वंशावळीत तिच्या आईवडिलांची नावे आता घातली आहेत. त्या वंशावळीची प्रत आणि बायबलच्या पानाची छायाप्रत आपल्याला टपालाने पाठवत आहे.

आपली कृतज्ञ,
सून, तिच्याच घरची