सुट्या खारकेच्या पोत्यावर देशाचं नाव लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पंचवटीत राहून मी गेली बावीस वर्षं बाळंतिणींसाठी डिंकाचे लाडू करून देते. नाव डिंकाचं असलं तरी लाडवाचा खरा भार खारीक आणि सुक्या खोबऱ्यावर असतो. त्यामुळे पाकिस्तानशी व्यापार तुटत गेला, तो मी माझ्या वाणसामानाच्या यादीतच पाहिला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर तिकडच्या मालावर २०० टक्के शुल्क लागलं आणि खारीक महागली. आपल्याकडची बरीचशी खारीक सिंधमधल्या खैरपूर भागातून यायची, हे मला तेव्हा समजलं. तोवर खारीक कुठली असते, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. पहलगामनंतर २ मे २०२५ ला तिथून होणारी आयात पूर्ण बंद झाली, तिसऱ्या देशातून फिरवून आणलेल्या मालासकट. मला हा निर्णय मनापासून पटला. बाळंतिणीच्या तोंडी जाणाऱ्या घासाचा पैसा तिकडे पोचू नये, एवढं तर मला करता यायला हवं.

पण करायचं कसं? जून २०२५ मध्ये न्हावा शेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, दुबईमार्गे आलेला. कागदावर अमिरातीचा, प्रत्यक्षात पाकिस्तानचा, आणि त्यात खारीकही होती. ती बातमी वाचून मी रविवार कारंजावर गेले आणि दुकानदारांना विचारलं, “दादा, ही खारीक कुठली?” एक म्हणाले दुबईची, दुसरे म्हणाले ओमानची असेल. तिसऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “ताई, पोत्यावर काहीच नाही, मी तरी काय सांगू?” त्यांना मी दोष देत नाही.

मग देशी खारीक घ्या, असं कोणी म्हणेल. कच्छमध्ये खारेक पिकते, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण ती जून-जुलैत हाती येते आणि तोवर पाऊस डोक्यावर असतो, म्हणून ती ओलीच विकावी लागते. दळून पूड करावी अशी सुकी खारीक तिच्यातून फारशी मिळत नाही. म्हणून मी लाडवातली खारीक निम्मी केली आणि बेदाणा घातला. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, भावाची बेदाण्याची शेड आहे. चार किलो द्राक्षं जाळीवर पंधरा दिवस वाळतात, तेव्हा किलोभर बेदाणा होतो. मधेच अवकाळी आला तर सगळं काळं पडतं. पहिल्या घाण्याचे लाडू जरा आंबूस झाले, एका जुन्या गिऱ्हाईक आजींनी तसं सांगितलंही. गूळ थोडा वाढवला आणि बेदाणा तुपात परतून घेतला, तेव्हा चव बसली.

आणि आता बेदाण्याचीही तीच गत. चीनचा बेदाणा कर चुकवून बाजारात येतो, अशी तक्रार २०२५ मध्ये सांगली-नाशिकच्या उत्पादकांनी केली. दुकानात तोही सुटाच. भावाचा माल आणि तो माल शेजारी ठेवला, तर मलासुद्धा खात्रीने ओळखता येणार नाही, मग शहरातल्या सुनेला कसा ओळखता येणार? (उपवासाच्या सैंधवाचंही तसंच. ‘हिमालयाचं’ म्हणून विकलं जाणारं गुलाबी मीठ मुळात पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं. आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ सैंधवाची खाण आहे, पण ते मीठ मागितलं तर दुकानदार बघतच राहतात.)

आयात केलेल्या बंद पाकिटावर मूळ देश छापणं कायद्याने सक्तीचं आहे. सुट्या पोत्यालाही तोच नियम लावा, एवढीच माझी मागणी आहे. वैधमापन विभागाने आणि किराणा व्यापाऱ्यांच्या संघटनेने निदान सुक्या मेव्यापासून सुरुवात करावी. दुकानदार दराची पाटी लावतातच, तिच्यावर आणखी एक शब्द लिहायचा आहे. घाऊक व्यापाऱ्याने बिलावर देश लिहिला, तर किरकोळ दुकानदारालाही उत्तर देता येईल.

या दिवाळीपासून मी लाडवाच्या डब्यावर चिठ्ठी लावते आहे: खोबरं टिपटूरचं, बेदाणा निफाडचा, गूळ कोल्हापूरचा, खारीक – देश माहीत नाही. ती शेवटची ओळ रोज हाताने लिहावी लागते आणि प्रत्येक वेळी जीवाला लागते.

आपली,
एक गृहउद्योजिका, पंचवटी, नाशिक