वागळे इस्टेटमधील वायरमन काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय वायरमन काका,

सादर नमस्कार. नाव कुठेही लिहायचे नाही, असे तुम्ही बजावले असल्यामुळे हे पत्र ‘वायरमन काका’ याच नावाने पाठवीत आहे. वागळे इस्टेटमध्ये तेवढा पत्ता पुरतो.

वडिलांनी दुसऱ्या हातची घेतलेली १९८६ सालची बीएमडब्ल्यू ३१८आय सात महिने सोसायटीच्या आवारात कव्हरखाली उभी होती. एका गॅरेजमध्ये बॅटरी उलटी जोडली गेली आणि इंजेक्शनचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारण्याचे काम सांभाळणारा, कंट्रोल बॉक्स जळाला. सगळे काढून कार्बोरेटर बसवा, असा सल्ला तिघांनी दिला. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात मला ओपेल अस्कोना १.८ या गाडीचा तसाच बॉक्स मिळाला आणि आमच्या वायरिंगचा पंचवीस पिनांचा प्लग त्यात सहज बसतो, एवढ्या भांडवलावर मी तुमच्याकडे आलो. तुम्ही तो प्लग माझ्या हातून काढून घेतलात. ‘प्लग बसला म्हणजे पिना जुळल्या असे नाही,’ एवढेच म्हणालात.

त्यानंतरचे दोन तास मी विसरणार नाही. दोन्ही गाड्यांत बॉश कंपनीची एलई-जेट्रॉनिक ही एकच इंजेक्शन पद्धत असली, तरी कोणती तार कोठे जाते हे मल्टिमीटरने एकेक करून तपासत तुम्ही तो नकाशा वेफर्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलात. ही पद्धत इंजिनाचे फेरे इग्निशन कॉइलच्या स्पंदनांवरून ओळखते, क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या चक्राच्या दात्यांवरून नव्हे, म्हणूनच एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या इंजिनावर चालवण्याचा विचार तरी करता येतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. बॉक्स पेट्रोल कधीच मोजत नाही. आत येणारी हवा, फेरे आणि इंजिनाचे तापमान पाहून पेट्रोल फवारणारे इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडे ठेवायचे एवढेच तो ठरवतो, आणि पेट्रोलचा दाब व इंजेक्टरची धार आपल्या हिशोबाप्रमाणेच असणार असे गृहीत धरतो. हवा मोजणाऱ्या मीटरच्या झडपेचे व्होल्टेजही त्याच हिशोबातले. ‘मेंदू ज्याचा, नाकही त्याचेच पाहिजे,’ असे सांगून तुम्ही मला अस्कोनाचाच एअर-फ्लो मीटर आणण्यासाठी पुन्हा कुर्ल्याला पिटाळलेत. (त्या दिवशी मी मनातल्या मनात चरफडलो होतो, हे आता कबूल करतो.)

इंजेक्टरबद्दलचा तुमचा हट्ट मला सर्वांत जास्त शिकवून गेला. प्रत्येकाचा रेझिस्टन्स सुमारे १६ ओहम भरला, म्हणजे याच पद्धतीच्या सुरुवातीच्या आवृत्तीत, एल-जेट्रॉनिकमध्ये, दोन-तीन ओहमच्या इंजेक्टरसाठी लागणारे वेगळे रेझिस्टर येथे नकोत. एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. तुम्ही मात्र विडी ओढणाऱ्यांना दूर हाकलून आमचे चार आणि अस्कोनाचे चार इंजेक्टर औषधाच्या मापाच्या बाटल्यांत सारखाच वेळ चालवलेत, आणि आठही बाटल्या उजेडाकडे धरून डोळा बारीक करून पाहिल्यात. पातळी जवळपास एकच होती, म्हणून आमचेच इंजेक्टर राहिले. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) तापमानाचा सेन्सर २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे दाखवतो की नाही, हे तुम्ही चहाच्या टोपात पाणी तापवून तपासलेत. त्या टोपात पुन्हा चहा झाला का, हे मी विचारले नाही.

इंजेक्टरच्या प्लगला लावलेला छोटा बल्ब स्टार्टर फिरताच लुकलुकला तेव्हाच तुम्ही शेवटची जोडणी करू दिलीत. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागले. १७६६ सीसीच्या इंजिनावर १७९६ सीसीचा बॉक्स चालताना आयडलवर (गाडी उभी असताना) मिश्रण थोडे श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होणार, हा तुमचा अंदाज खरा ठरला. मीटरवरचा स्क्रू पाव फेरा सोडल्यावर धुराचा वास गेला. पुढच्या रविवारी गायमुखचा चढ चढून आलो आणि स्पार्क प्लग काढून पाहिले, तर चारही फिकट कॉफीच्या रंगाचे होते, म्हणजे मिश्रण बरोबर जमले होते.

मजुरी म्हणून तुम्ही घेतलेली रक्कम माझ्या दोन टॅक्सीफेऱ्यांपेक्षाही कमी होती, याबद्दल माझी तक्रार कायम आहे. पुठ्ठ्यावरचा तो नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला आहे. सकाळी थंड इंजिन अजून पहिले मिनिटभर थोडे अडखळते, तेव्हा बुधवारी दुपारी गाडी घेऊन येतो. येताना नवीन टोपही आणीन.

आपला नम्र आणि ऋणी,
घोडबंदर रस्त्यावरचा ३१८वाला