तिच्या हातातली पेन्सिल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, याची खंत आहे. इकडे सर्व क्षेम. आईचा गुडघा जसा होता तसाच आहे.

माझ्या चौथीच्या वर्गातली ती मुलगी, परळच्या टाटात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी, नऊ महिन्यांनी शाळेत आली. "लेकीला बाकीच्यांसारखंच वागवा, गुरुजी," असे तिचे वडील हात जोडून म्हणाले, आणि मी तो शब्द इतका तंतोतंत पाळला, की शुद्धलेखनाच्या दहा ओळी तिलाही लिहायला लावल्या. तीनदा पेन्सिल गळून पडली; चौथ्यांदा मी चढ्या आवाजात "नीट धर" म्हणालो. ती बोलली नाही. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे पेन्सिलीभोवती मिटवत राहिली. संध्याकाळी तिच्या आईकडून कळले, की व्हिन्क्रिस्टिन या औषधाने मज्जातंतूंवर परिणाम होऊन बोटांतली शक्ती काही काळ कमी होते. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते.

आपला तो आजारी बाळू आठवतो? त्याच्या घरी जायला हवे होते, असे तू म्हणायचास आणि आजारी मुलाला त्रास कशाला, असे मी. त्यावरून वसतिगृहात आपण महिनाभर अबोला धरला होता. तुझेच खरे होते.

आता तिची उत्तरे मी तोंडी घेतो. हा आजार लागत नाही, उलट आपल्याच कांजिण्या-गोवराचा तिला धोका आहे, हे वर्गाला समजावले. कुणाच्या अंगावर पुरळ दिसले, की त्याच दिवशी तिच्या घरी फोन करतो, कारण संरक्षक औषध पहिल्या काही दिवसांतच द्यावे लागते. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळते. टोपीखालचे केस कुठे गेले, असे एकाने विचारताच "तुझ्या उवांना भिऊन पळाले," असे तिने सुनावले आणि सारा वर्ग हसला.

घोर आहे तो हजेरीचा. गैरहजेरी फार म्हणून नाव कमी करावे, असे एकाने सुचवले, तेव्हा 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 16 मी वाचून दाखवले: आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण नाव पटावर राहिले म्हणजे मूल वर्गात राहिले, असे नाही. उपचार एकूण दोन-अडीच वर्षांचे, आणि प्रत्येक फेरीनंतर ती थोडी मागे पडलेली असते.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? बाळ चालू लागले असेल.

सोमवारी ती पुन्हा परळला जाईल. तिच्या मुठीत बसेल अशी जाड पेन्सिल तालुक्याला मिळाली नाही; तुमच्याकडे मिळाल्यास दोन घेऊन पाठव.

तुझा,
मित्र