लिंबूटिंबूलाही फासा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या बैठ्या खेळांवरचा लेख वाचला. सापशिडी, पत्ते, कॅरम, व्यापार, सगळे आले. पण ज्या खेळाने गेले वर्षभर आमचे जेवणाचे टेबल अडवून ठेवले आहे, तो काही दिसला नाही, म्हणून हे पत्र.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रे व्हायचे. "आता तू काय करतोस?" असे विचारले की आपण सांगायचे, आणि ते साधले की फसले हे फासा ठरवणार. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. माझा मुलगा कॉलेजपासून हे खेळतो. शनिवारी रात्री त्याचे मित्र जमतात, मी त्यांना चहा करून देते आणि झोपायला जाते. इतकाच माझा संबंध होता.

गेल्या मे महिन्यात आठ वर्षांची नात आणि साडेपाच वर्षांचा नातू हटून बसले, आम्हालाही खेळायचंय. खोक्यावर '१२ वर्षे व पुढे' असे छापलेले. आत ३२ पानांचे नियम, आणि ते कमी पडले तर कपाटात ३२० पानांचा ग्रंथ. मुलाने नातीपुढे तिच्या पात्राच्या ताकद वगैरे गुणांचा छापील तक्ता ठेवला आणि धाकट्याला म्हणाला, "तू नुसता फासा टाक, तुला काही होणार नाही." म्हणजे आपला अंगणातला लिंबूटिंबूच की! लिंबूटिंबूला आपण लिंबूटिंबू आहोत हे फार लवकर कळते. तिसऱ्या मिनिटाला तो टेबलाखाली जाऊन बसला.

नात मात्र तक्ता वाचत होती. 'ताकद'पुढे १६, आणि शेजारच्या चौकोनात अधिक ३, म्हणजे फाशावर पडेल त्यात तीन मिळवायचे.

"बाबा, १६ आहेत तर तीनच का मिळवायचे?"

"सोळातून दहा काढायचे, उरलेल्याचे निम्मे."

"आणि पंधरा असले तर?"

"अडीच. पण अर्धा सोडून द्यायचा."

"मग सरळ तीनच का नाही लिहीत?"

माझी तव्यावरची पोळी करपली. एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीला, पण इतका नेमका प्रश्न क्वचित ऐकला. उत्तर असे, की हा आकडा ठरवायला मुळात सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घेत, ती ३ ते १८ मध्ये कुठेही येई. आज खेळताना तो १६चा आकडा जवळजवळ कशालाच लागत नाही, पण जुनी रीत म्हणून तक्त्यावर बसून आहे. मोठ्यांना सवय झाली की असे आकडे दिसेनासे होतात.

नियम सोपे केले की खेळ बाटतो, असे मुलाच्या एका मित्राचे मत पडले. म्हणून मुलाकडूनच इतिहास काढून घेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ काढला. गायगॅक्स यांनी आपली भुयारे, म्हणजे गोष्टीतली पात्रे जिथे शिरतात त्या जागा, आधी घरातच चालवून पाहिली, आणि तिथले पहिले खेळाडू होते त्यांची मुले, एर्नी आणि एलिस. खेळाचे नावसुद्धा सिंडी या धाकट्या मुलीच्या पसंतीने ठरले, असे ते सांगत. मूळ पुस्तिका इतक्या गुंतागुंतीच्या होत्या, की तीन वर्षांत, १९७७ साली, डॉ. जे. एरिक होम्स यांनी नवशिक्यांसाठी वेगळा संच संपादित केला. हे गृहस्थ मेंदूविकारांचे डॉक्टर. पात्रे खेळता खेळता ज्या पायऱ्या चढत जातात, त्यातल्या त्यांनी फक्त पहिल्या तीन ठेवल्या, पुढचे पुढे बघा म्हणाले. पुढे फाशांचा तुटवडा पडला तेव्हा त्याच खोक्यात आकडे छापलेला पुठ्ठा येऊ लागला. चकत्या कापायच्या, कपात घालायच्या आणि न बघता एक उचलायची. आमच्या राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्याच म्हणा ना. तेव्हा सोपे करण्याची परंपरा जवळजवळ खेळाइतकीच जुनी आहे.

मग मी कामाला लागले. आधी या खेळातले फासे बघितले. वीस बाजूंच्या फाशावर आकडे असतात आणि ६ नि ९ ओळखायला खाली रेघ बघावी लागते. चार बाजूंच्याला तर वरची बाजूच नसते, टोक असते (आणि ते अंधारात पायाला कसे लागते ते मला विचारा). सापशिडीच्या फाशावर ठिपके असतात, आणि धाकट्याला ठिपके मोजता येतात. तो घेतला. ४, ५, ६ पडले की जमले. मिळवायचे काही नाही, वजा करायचे काही नाही.

तक्त्याच्या जागी एक वाक्य: 'मला अमुक छान येतं.' नातीने लिहिले, 'मला आवाज न करता चढता येतं.' नातू म्हणाला, त्याला प्राण्यांशी बोलता येतं. जे छान येते ते करताना दोन फासे टाकायचे आणि मोठा धरायचा. ही युक्ती माझी नव्हे. खेळाच्या २०१४च्या आवृत्तीत ती आहेच, फक्त बाकीच्या गर्दीत हरवली आहे. लहान मुलाला दोन आकडे मिळवण्यापेक्षा 'कोणता मोठा' हे आधी समजते, हे बालवाडीच्या कोणत्याही बाई सांगतील. नातीकडून ३६ चौकोनांचा तक्ता करून घेतला: एका फाशाने निम्म्या वेळा जमते, दोन फाशांनी ३६ पैकी २७ वेळा. सुट्टीत गणित केले, हे तिच्या लक्षातही आले नाही. जीव म्हणून प्रत्येकाला पाच चिंचोके. लागले की एक वाटीत परत.

एक चूक मात्र मी केली. मुले हिरमुसतील म्हणून पहिल्या दिवशी सगळेच जमू दिले. फासा काहीही पडो, दार उघडले, खजिना मिळाला. वीस मिनिटांत नात जांभया देऊ लागली. "आजी, तू आधीच ठरवलंयस," म्हणाली. तेव्हा कळले, की आता मी दोघांनाही लिंबूटिंबू करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी फसणे परत आणले, पण वेगळ्या रीतीने. मुलाच्या पुस्तकातली गोष्ट बाण लागून रस्त्यात मरून पडलेल्या दोन घोड्यांपासून सुरू होते. ते घोडे मी जिवंत ठेवले, झुडपामागचे गॉब्लिन, म्हणजे परीकथेतले बुटके दुष्ट प्राणी, ठेवले, भीतीही ठेवली. एक गॉब्लिन भाला घेऊन मुलांच्या घोडागाडीपुढे उभा राहिला. नातवाला विचारले, तू काय करतोस? बराच वेळ विचार करून म्हणाला, "मी विचारतो, तुम्ही जेवलात का?"

फासा टाकला. दोन ठिपके. त्याचा चेहरा पडला. मोठ्यांच्या खेळात 'नाही जमले' म्हणून पाळी पुढच्याकडे गेली असती. मी म्हटले, "गॉब्लिन म्हणाला, नाही जेवलो. आणि त्याने शिट्टी मारली. झुडपातून आणखी अकरा जण ताटल्या घेऊन आले." नात किंचाळली, दोघे टेबलावर चढले, आणि पुढचा पाऊण तास बारा गॉब्लिनांना काय वाढायचे याचाच खल. त्या दिवशी तलवार निघालीच नाही. लहानांच्या खेळात फासा हुकल्यावर काहीतरी घडलेच पाहिजे, हा एवढा नियम मी कोणाला सांगितला तर पुरे. परवा ओळखीतल्या एका शिबिरात आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस मिनिटे नुसते नियम वाचून दाखवताना पाहिले. निम्मी मुले तोवर बुटांच्या नाड्या सोडत-बांधत बसली होती.

मुलाचे म्हणणे असे, की बेरजेशिवाय हा खेळ कायमचा अर्धाच राहणार. त्याचे अगदीच चुकत नाही. नातीनेच गेल्या आठवड्यात वीस बाजूंचा फासा मागून घेतला. आता तिला ११ किंवा जास्त लागतात, धाकट्याला सहाच्या फाशावर ४ किंवा जास्त. दोन्हीकडे संधी निम्मीनिम्मीच, म्हणून दोघे एकाच गोष्टीत, एकाच टेबलावर खेळू शकतात. धाकट्याने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मगच तिला तो फासा वापरू दिला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिंचवड
(नाव छापू नये, ही विनंती.)