बोटातून निघणारा ‘चुना’ दुधातला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीत पहाटे कपाशी वेचायला गेलं, की माझ्या मोठ्या जाऊबाईंची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी, आणि उन्हाशी बसल्यावर लाल होऊन ठणकायची. दहा-बारा वर्षं आम्ही ते थंडीवर ढकललं. गेल्या वर्षी त्यांच्या अंगठ्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी टणक गाठ आली. ती फुटली आणि आतून ओल्या खडूसारखं पांढरं बाहेर आलं.

‘बोटमधून चुना निंघी राह्यना’ हे गल्लीभर झालं. सगळ्यांचं निदान एकच, अंगात कॅल्शियम जास्त झालं. जाऊबाईंचं दूध बंद, ताक बंद, गुडघ्यांसाठीच्या गोळ्या बंद. एकाने तर दुसरी गाठ ब्लेडने कापली. ती जखम तीन महिने भरली नाही.

पुढे रक्त तपासलं तेव्हा कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही बरोबर निघाले. प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा अंदाज देणारी एएनए तपासणी मात्र पॉझिटिव्ह आली. आजार निघाला स्क्लेरोडर्मा. यात जी प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायची, तीच आपल्या अंगावर उलटते. बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्वचेला रक्त पुरत नाही, सूज धुमसत राहते. अशा दुखावलेल्या, मरू लागलेल्या पेशींच्या जागी रक्तातलं नेहमीचंच कॅल्शियम फॉस्फेटशी बांधलं जाऊन साचतं. हाडात असतो तसाच क्षार, पण भलत्या जागी. मग तो साठा काढायला प्रतिकारशक्तीच्याच पेशी तिथे गोळा होतात आणि पुन्हा सूज येते. बोट लाल, गरम झालं की आम्हाला वाटायचं पू झाला, पण दर वेळी तो पू नसतो.

मुलांबद्दल मला जास्त काळजी वाटते. पापण्यांवर जांभळट झाक, बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे, आणि मांडी घालून बसलेलं पोर हात टेकल्याशिवाय उठत नाही, असं दिसलं तर तो डर्माटोमायोसायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती उलटून त्वचेला आणि स्नायूंना सूज आणणारा आजार, असू शकतो. त्यातही पुढे कोपर, गुडघ्यांशी असे खडे होतात. उपचार लवकर आणि नेटाने झाले तर ते होण्याची शक्यता कमी होते. ‘पोरगं आळशी आहे’ म्हणण्यात वर्ष जाऊ देऊ नये.

किडनीच्या रोग्यांत मात्र रक्तातलं फॉस्फरस खरोखर वाढून असे साठे होऊ शकतात. म्हणून तपासणीआधी स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, सुरूही करू नका. साचलेलं हमखास विरघळवणारं औषध अजून नाही. फार त्रास देणारी गाठ डॉक्टर शस्त्रक्रियेने काढतात. जाऊबाई आता हातमोजे घालून, ऊन चढल्यावर शेतात जातात. मिशरीही सोडली, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

आपल्या वृत्तपत्रामार्फत आरोग्य विभागाला विनंती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत संधिवाततज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहावं. आणि हिवाळ्यात घरोघर फिरताना आशाताईंनी बायांना एवढं जरूर विचारावं: थंडीत तुमची बोटं पांढरी पडतात का?

आपली,
एक शेतकरी गृहिणी,
ता. चोपडा, जि. जळगाव