ओट्याच्या पाच पायऱ्या

चि. भैयास,

अनेक आशीर्वाद. भुसावळला गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून अप्पांना हात केलास, माझ्याकडे बघितलं नाहीस. आज नऊ दिवस झाले. फोनवर बोलायला गेले की घसा भरून येतो, म्हणून लिहिते आहे.

कानबाईच्या सणाच्या रात्री मी खोलीत यायला नको होतं. ऑनलाइन परीक्षा चालू असताना कॅमेरा सगळं बघतो, दुसरं माणूस दिसलं की नोंद होते, हे तू आधीच सांगून ठेवलं होतंस. बाहेर बायकांची गाणी रंगली होती, सगळे जेवून उठले होते आणि तू सकाळपासून नुसत्या चहावर होतास. माझ्याच्याने राहवलं नाही, ताट घेऊन आले. "माय, बाहेर जा!" म्हणून ओरडलास, ते मी मनात ठेवलेलं नाही. मनात राहिले ते तुझे डोळे. नानाचे शेवटच्या वर्षी असेच लाल असायचे.

झोपेबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तो पेपर ग्राह्य धरला गेला असं ताईने कळवलं, तेव्हा मी देवीपुढे साखर ठेवली. तुझ्या शिक्षणाचं मी अंगणवाडीत सगळ्यांना सांगते. कोलोराडोचं विद्यापीठ, कॉम्प्युटर सायन्सची मास्टर्स, तीस क्रेडिट. आधी तीन विषय करून दाखवायचे, सरासरी बी ग्रेड आली की प्रवेश पक्का, जुनी मार्कशीट कोणी मागत नाही. जेवढे विषय घ्याल तेवढ्याचेच पैसे. आणि सगळं आपापल्या वेगाने.

या 'आपापल्या वेगाने'चीच मला धास्ती आहे, भैया. मी त्यातून गेले आहे.

दहावीनंतर माझी शाळा सुटली. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 ला निघालं होतं, पण बारावी नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसता येतं हे मला कळलं तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. पुस्तकं मिळाली, त्यांना मी खाकी कव्हरं घातली. पण हजेरी घेणारं कोणी नाही, रागावणारं कोणी नाही. केळीच्या कांदेबागेची लागवड आली की पुस्तक बंद. तुझ्या आजीचं दुखणं निघालं की बंद. तीन वर्षांच्या बी.ए.ला मला सहा वर्षं लागली. मागे पडलेलं भरून काढायचं कधी, तर रात्री. सगळे झोपले की दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे आणि पाचला चूल पेटवायची.

तुझ्या डाव्या मनगटावरचा डाग त्यातल्याच एका पहाटेचा आहे. पाण्याचं भगुनं उतरवताना माझा डोळा लागला. उभ्याउभ्या. तू शेजारीच बसला होतास. अप्पांना मी सांगितलं होतं की तूच भगुनं ओढलंस. आजवर तेच सांगत आले.

म्हणून म्हणते, झोपत जा. नोकरीचे दहा तास, त्यावर एका सत्रात तीन-तीन विषय कशाला? आठ आठवड्यांचं सत्र असतं, त्यात एकच घे. पुढचं सत्र पळून जात नाही. तुझ्या ऑफिसातल्या कोणाची डिग्री आधी झाली तर होऊ दे. केळीलासुद्धा निसवायला तिचे महिने द्यावेच लागतात, खताची गोणी जास्त ओतून घड लवकर येत नाही. माणसाने…

पुन्हा सुरू झाले बघ. माफ कर. तू लहान नाहीस आणि त्या अभ्यासातलं मला कळत नाही.

पण एक कळलं होतं. दिवाळीत तू ओट्यावर बसून डायनॅमिक प्रोग्रामिंग सांगितलंस ना? ओट्याला पाच पायऱ्या. एका वेळी एक चढायची नाहीतर दोन. वर जायच्या रीती किती? अप्पा बोटं मोडत बसले. तू खडू घेतलास आणि पायरीपायरीवर आकडा लिहिलास: 1, 2, 3, 5, 8. मागच्या दोन पायऱ्यांची बेरीज म्हणजे पुढची. एकदा काढलेलं उत्तर लिहून ठेवायचं, तेच पुन्हा सोडवत बसायचं नाही. तू गेल्यावर मी ते आकडे चार दिवस पुसू दिले नाहीत. सहावी पायरी असती तर तेरा. हे मी माझं मी काढलं, तुला सांगायचं राहून गेलं. माझ्या पोराने मला हे शिकवलं, याचा आनंद मला बी.ए.च्या निकालापेक्षा जास्त झाला होता.

कळण्याचं पीठ आणि उडदाचे पापड शेजारच्या काकांच्या मुलाबरोबर पाठवते आहे, तो रविवारी पुण्याला निघतो. पीठ डब्यात काढून ठेव. केळीच्या मृगबागेत चार ठिकाणी सीएमव्ही, तो विषाणूचा रोग, दिसला, ती झाडं अप्पांनी उपटून टाकली. काळजीचं काही नाही.

पुढच्या परीक्षेची तारीख कळव. इथे असलास तर मी दाराबाहेर पाट टाकून बसेन, कोणाला आत सोडणार नाही. मीही येणार नाही.

तुझी,
माय

ता. क. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. रात्री किती वाजता आडवा झालास तेवढं ताईला कळवत जा.