शोकसंदेश पुरे झाले, आता टेप शोधा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सा.न.वि.वि.

साहेब, थेट विषयावर येतो. कुणी कलावंत गेला की तासाभरात सगळ्या पक्षांच्या सगळ्या नेत्यांचे शोकसंदेश येतात, काळ्या पट्टीवर फोटो, खाली "कधीही न भरून निघणारी पोकळी". गेल्या काही वर्षांत ही पोकळी इतक्या वेळा निर्माण झाली की मोजायचं सोडून दिलं. 2022 च्या फेब्रुवारीत चार दिवसांच्या अंतराने रमेश देव आणि लतादीदी, मग प्रदीप पटवर्धन, विक्रम गोखले, सुलोचना चव्हाण, पुढच्या वर्षी सुलोचनादीदी, जयंत सावरकर, सीमा देव, मग विजय कदम, अतुल परचुरे. लतादीदी गेल्या तेव्हा राज्याने दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली, योग्यच केलं. पण मी आज लिहितोय ते यातल्या बऱ्याच जणांपेक्षा वेगळ्या प्रकारच्या माणसांबद्दल, म्हणजे ज्यांचं सगळं काम हवेत गेलं त्यांच्याबद्दल. रेडिओवाले आणि जुन्या दूरदर्शनवाले.

सिनेमातला माणूस गेला तर त्याचा सिनेमा राहतो, निदान राहण्याची शक्यता तरी असते कारण कुणीतरी त्यात पैसे घातलेले असतात. निवेदकाचं काय राहतं? त्याने बोललेलं वाक्य त्या क्षणी लाखो लोकांनी ऐकलं आणि संपलं, कुणी टेप जपली असेल तरच ते आहे, नाहीतर तो माणूस आणि त्याचं आयुष्यभराचं काम दोन्ही एकदमच जातात.

रेडिओचे निवेदक अमीन सयानी घ्या. 20 फेब्रुवारी 2024 ला मुंबईत गेले, वय 91. सगळ्या चॅनलनी "बहनों और भाइयों" दोनदा वाजवलं आणि पुढच्या बातमीवर गेले. आता हा माणूस घडला कसा ते बघा, कारण त्यात तुमच्यासारख्याच एका मंत्र्याचा हात आहे! 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, आपले पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं, सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली, दर बुधवारी रात्री, आणि ती सादर करायला वीस वर्षांचा एक मुलगा ठेवला, आठवड्याला 25 रुपये. कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा आपल्या मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून सगळ्या हिंदुस्थानात ऐकू यायचं. म्हणजे मुंबईतला आवाज मुंबईत ऐकायला समुद्रापलीकडून फिरून यायचा. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रं आली आणि पुढे आठवड्याला 65,000 पर्यंत आकडा गेला असं सयानी स्वतः सांगायचे. शेवटी 1957 मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. (केसकरांना नुसतं व्हिलन करणं मला पटत नाही, रात्रीच्या संगीत सभा आणि संगीत संमेलनं पण त्यांच्याच काळातली. पण लोकांना काय आवडावं हे मंत्रालयातून ठरत नाही हे त्यांना लोकांनीच शिकवलं.)

आणि हा मुलगा हिंदीवाला नव्हताच. घरी गुजराती, शिक्षण इंग्रजीत, आकाशवाणीच्या हिंदी ऑडिशनला उच्चारांमुळे नापास झालेला. आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून नवसाक्षरांसाठी "रहबर" नावाचं पाक्षिक काढायच्या, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांमध्ये पण भाषा एकच, साधी बोलायची हिंदुस्थानी. पोरगा त्या कामात मदत करायचा. त्याची ती सोपी, शेजारी बसून बोलल्यासारखी भाषा तिथून आली, ती काही आवाजाची देणगी वगैरे नाही. सयानींबद्दलच्या बहुतेक लेखांमध्ये मात्र तो अमिताभला भेट नाकारल्याचा किस्साच येतो, जो आता सगळ्यांना पाठ आहे.

आता मुद्दा असा की 1994 पर्यंत चाललेल्या गीतमालेचे सुरुवातीच्या वर्षांतले मूळ कार्यक्रम आज एखाद्या पोरीला ऐकायचे असतील, समजा ती मुंबई विद्यापीठात मीडिया शिकतेय, तर तिने जायचं कुठे? तुकडे मिळतात. उतारवयात सयानींनी स्वतः बसून जुन्या आठवणींसकट ज्या सीडी काढल्या त्या मिळतात. रसिकांनी घरी कॅसेटवर टेप केलेलं यूट्यूबवर कुठेकुठे पडलंय, खरखर आणि मध्येच कुकरच्या शिट्टीसकट. मला ती शिट्टी आवडते, ते सोडा, पण एवढ्या मोठ्या कामाचा हिशोब खासगी लोकांच्या कपाटांवर सोडायचा का?

तबस्सुम गेल्या 18 नोव्हेंबर 2022 ला. बेबी तबस्सुम म्हणून सिनेमात आल्या, दीदारमध्ये नर्गिसच्या लहानपणीचं काम त्यांचं. पण महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचं मोठं काम आपल्या वरळीच्या केंद्रातलं आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि त्याच महिन्यात त्यांचा फूल खिले हैं गुलशन गुलशन हा मुलाखतींचा कार्यक्रम आला तो 1993 पर्यंत. दोन दशकं! हिंदी सिनेमातली केवढी माणसं त्या सोफ्यावर बसून गेली, तेव्हा पीआरवाला शेजारी उभा नसायचा, लोक मोकळं बोलायचे, लाजायचे, मध्येच अडखळायचे. तो सगळा सिनेमाचा तोंडी इतिहास आहे हो. तबस्सुमताई मात्र म्हातारपणी स्वतःचं यूट्यूब चॅनल काढून आठवणीतून ते किस्से परत सांगत बसल्या. बाईंचा उत्साह दांडगाच, पण मूळ मुलाखती एका जागी, तारीखवार, शोधता येतील अशा असत्या तर?

मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारे प्रदीप भिडे 7 जून 2022 ला गेले. त्यांच्याबद्दल काही सांगायची गरज आहे असं वाटत नाही, ज्यांच्या घरी संध्याकाळी मराठी बातम्या लागायच्या त्यांच्या कानात तो आवाज आहेच. (पुढच्या वर्षी नेमक्या त्याच तारखेला इंग्रजी बातम्यांच्या गीतांजली अय्यर गेल्या.) बातम्या वाचणं म्हणजे आरडाओरडा न करता, चेहरा सरळ ठेवून, ळ आणि ण नीट उच्चारून वाईट बातमीसुद्धा माणसापर्यंत पोचवणं, हे ज्यांना शिकायचंय त्यांनी भिड्यांची सलग बातमीपत्रं ऐकायला हवीत, श्रद्धांजलीत दाखवतात ती 20 सेकंदांची क्लिप पाहून काय कळणार? आणि हो, स्मिता पाटील सिनेमात जायच्या आधी याच केंद्रात मराठी बातम्या वाचायच्या हे प्रत्येक लेखात असतं. ते वाचन मला आजवर कुठेही पाहायला मिळालेलं नाही. भक्ती बर्व्यांचंही तेच.

बाळ कर्वे तर आत्ता, 28 ऑगस्ट 2025 ला गेले, 95 वर्षांचे होऊन. चिं. वि. जोश्यांच्या गोष्टींवरची ती दूरदर्शनची चिमणराव गुंड्याभाऊ मालिका, प्रभावळकर चिमणराव आणि हे गुंड्याभाऊ. शोकसंदेशांमध्ये सगळ्यांनी "गुंड्याभाऊ गेले" लिहिलं, माझ्या पुतण्याने विचारलं कोण गुंड्याभाऊ, मी दाखवायला गेलो तर मोजकं काहीतरी हाताला लागलं आणि तेही असं धुरकट की पोरगं दोन मिनिटांत उठून गेलं. त्याचा काय दोष!

आता हे असं का झालं त्याची कारणं काही कटकारस्थानाची नाहीत. तेव्हा बरंचसं प्रसारण थेट असायचं, रेकॉर्डच व्हायचं नाही. जे व्हायचं त्याची टेप महाग, बाहेरून यायची, म्हणून एक कार्यक्रम झाला की त्याच टेपवर दुसरा चढवायचा, जगभर हेच चालायचं, बीबीसीनेसुद्धा पुष्कळ पुसलंय. पण त्यातून जे वाचलं त्याचं काय हा आजचा प्रश्न आहे. मॅग्नेटिक टेप जन्मभर टिकत नाही. फितीवरचा चुंबकीय थर ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तो दमट हवेत पाणी धरतो, चिकट होतो, मग फीत मशीनच्या हेडला चिकटून सोलली जाते. मुंबईची हवा तुम्हाला माहितीय. वर बुरशी. आणि समजा फीत ठणठणीत राहिली तरी ती वाजवायची कशावर, यू-मॅटिकची, म्हणजे त्या जुन्या व्हिडिओ कॅसेटची, मशीनं बनणं कधीच बंद झालं, सुटे भाग मिळत नाहीत आणि ती दुरुस्त करणारे लोकही रिटायर झाले. म्हणजे "करू पुढे कधीतरी" ही सोयच इथे नाही.

तुम्ही म्हणाल, आकाशवाणी दूरदर्शन प्रसार भारतीकडे, ते दिल्लीचं खातं, मी काय करणार. बरोबर आहे, आणि दिल्लीत काही होत नाहीये असंही नाही. आकाशवाणीचं सेंट्रल आर्काइव्ह आहे, प्रसार भारतीचं आर्काइव्हचं यूट्यूब चॅनल आहे, नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात त्यांनी वेव्हज नावाचं ओटीटी काढलं, त्यावर जुन्या मालिका आहेत. पण तिथे हिट मालिका वर येतात, हे साहजिकच आहे. कामगारांसाठीचा कार्यक्रम, शेतकऱ्यांसाठीचं आमची माती आमची माणसं, रेडिओवरच्या प्रपंच मालिकेतले टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर (ते 2019 ला गेले), सांगली, जळगाव, रत्नागिरी केंद्रांवरच्या श्रुतिका म्हणजे रेडिओ नाटिका, यांना दिल्लीत कोण विचारणार? ते मराठी आहे, ते आपलंच काम आहे. आणि राज्य बोललं की फरक पडतो. 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग हलवायचा निर्णय झाला होता, सकाळी सात पाचच्या बातम्यांचा तो विभाग, लोकांनी आणि पुढाऱ्यांनी आवाज उठवल्यावर केंद्राने स्थगिती दिलीच ना.

शिवाय तुमच्या खात्याची प्रभादेवीला जी कला अकादमी आहे ती ज्यांच्या नावाने आहे ते पु.ल. स्वतः आकाशवाणीत नोकरी केलेले आणि दिल्लीला दूरदर्शनच्या पहिल्या फळीत असलेले. यापेक्षा योग्य जागा कुठली? तिथे एक खोली द्या. मोठं म्युझियम, होलोग्राम, सेल्फी पॉइंट असलं काही नकोय. चार कॉम्प्युटर, चांगले हेडफोन, आणि प्रसार भारतीशी करार करून महाराष्ट्रातल्या सगळ्या केंद्रांच्या टेप लायब्ररीत आज नेमकं काय शिल्लक आहे त्याची यादी. निदान यादी! डिजिटायझेशन नंतर, आधी कुठल्या स्पूलवर काय आहे हे तरी कळू दे. पुण्यात सिनेमासाठी 1964 मध्ये फिल्म आर्काइव्ह निघालं तेव्हा पी. के. नायर यांच्यासारखा एक वेडा माणूस गावोगाव रिळं शोधत फिरला म्हणून आज फाळके थोडेतरी पाहायला मिळतात. आणि तिथेसुद्धा 2003 मध्ये आग लागून प्रभातच्या काळातली नायट्रेटची रिळं गेलीच. आवाजासाठी असा माणूस नेमा, त्याला पगार द्या आणि त्याची बदली करू नका.

कॉपीराइटचं कारण कुणी पुढे करेल. कायद्याप्रमाणे प्रसारणाचा हक्क 25 वर्षांचा असतो, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या प्रसारणाचा तो कधीच संपला. ध्वनिमुद्रणाचा 60 वर्षं, त्यामुळे गाण्यांचं प्रकरण किचकट आहे हे मान्य. मग आधी गाणी नसलेलं घ्या, बातम्या, मुलाखती, श्रुतिका, भाषणं. आणि अभ्यासासाठी खोलीत बसून ऐकू देणं यात परवानगी मिळवणं अशक्य नाही, इच्छा हवी.

अजून एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात घाईचं. जी माणसं अजून आहेत त्यांना आत्ता रेकॉर्ड करा. फक्त प्रसिद्ध चेहरे नव्हे. फ्लोअर मॅनेजर, कॅमेरामन, साउंडवाले, ड्यूटी ऑफिसर, आणि कॅज्युअल म्हणून वर्षानुवर्षं ड्यूटीवारी मानधनावर काम केलेल्या निवेदिका. माझ्या ओळखीत एक बाई आहेत, एका केंद्रावर सकाळच्या सभेला, म्हणजे प्रसारणाला, असायच्या, पहाटे पहिल्या एसटीने जायच्या, हिवाळ्यात स्टुडिओत शाल घेऊन बसायच्या कारण एसी मशीनसाठी असायचा माणसांसाठी नाही. इतकी वर्षं बोलल्या पण स्वतःच्या आवाजाची एक फीत त्यांच्याकडे नाही. मागायला गेल्या तर अर्ज, मग शुल्क, मग "त्या तारखेचं उपलब्ध नाही". आता त्यांना ऐकू कमी येतं. त्यांच्याकडे जाऊन दोन तास बोलायला किती खर्च येतो? तुमच्याच खात्याच्या एखाद्या महोत्सवाच्या स्टेजवरच्या फुलांइतका पण नाही.

रस्त्याला नाव, चौकाला नाव, जीवनगौरव पुरस्कार हे सगळं चालू ठेवा, माझा विरोध नाही.

माझ्याकडे घरी रेडिओवरून भरलेल्या कॅसेट आहेत, एक मोठा खोका भरून. नभोनाट्यं आहेत, संगीत सभा आहेत, काही बातम्या आहेत, वर माझ्या वडिलांच्या अक्षरात तारखा घातलेल्या आहेत म्हणजे यादी करायचं काम अर्धं झालेलंय. महाराष्ट्रात असे खोके घरोघरी असणार आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातले काही भंगारात जातायत. ते कुठे आणून द्यायचे, कुणाकडे, कामाच्या दिवशी किती ते किती, एवढं एक पत्रक तुमच्या खात्याने येत्या दिवाळीच्या आत काढलं तरी मी माझा खोका घेऊन स्वतः येतो, पावती मात्र द्या.

आपला,
एक जुना श्रोता